इथला आवाज, तिथला आवाज

हेडफोनच्या वायरी खणात कितीही नीट गुंडाळून ठेवा, काही दिवसांनी खण उघडला की गुंता झालेलाच असतो. कोणी केला, कधी केला, पत्ता नाही! आमच्या मंडळींचे किस्से असेच साचलेत. एक ओढायला जावं तर त्याला अडकून दुसरा येतो. दोन्ही बाहेर आले की आधी हसू येतं, आणि मग हळूच एकमेकांची नजर चुकवावीशी वाटते. हल्ली नजर चुकवण्याचाच भाग जास्त झालाय, म्हणून म्हटलं एकदा सांगून टाकावं.

मंडळी म्हणजे आम्ही पाच जण. देशपांडे वकील, अमरावतीच्या कोर्टात आयुष्य गेलेले. मोहोड सर, भातकुलीच्या शाळेत गणित शिकवतात. अकोल्याचे दातांचे डॉक्टर गावंडे, जे केवळ आमच्या बैठकीसाठी रविवारी सकाळची गाडी पकडून अमरावतीजवळ बडनेऱ्याला उतरतात. मी वंदना, ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे लोकांचे कान तपासते, श्रवणयंत्रं बसवते. आणि पाचवे रईसभाई.

रईसभाईंचं अमरावतीत हेडफोन, स्पीकर, ॲम्प्लिफायरचं दुकान आहे. रविवारी बाजार बंद, त्यामुळे शटर अर्धं वर करून आम्ही आत बसतो, गाणी ऐकतो आणि भांडतो. भांडणाचा विषय वर्षानुवर्षं एकच. हेडफोन इथून घ्यावा की बाहेरून मागवावा?

आणि हे भांडण कुठं चालतं, तर इथं हेडफोन विकणाऱ्याच्याच दुकानात! चहाही त्याचाच!

*

सुरुवात वकीलसाहेबांपासून करू, कारण 'बाहेरून' या पक्षाचे ते म्होरके.

त्यांची मुलगी मृणाल अमेरिकेत असते. भारी हेडफोन नुसता मोबाइलला लावून त्याची खरी ताकद कळत नाही, त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, हे वकीलसाहेबांनी कुठंतरी वाचलं. रईसभाईंकडं तसे दोन होते. वकीलसाहेब पावसाळाभर दर रविवारी ते दोन्ही ऐकत बसले. हे बटण फिरव, ते फिरव. आणि दसऱ्याला मृणालकडून तिसराच मागवला!

रईसभाईंनी मनाला लावून घेतलं नाही. उलट वकीलसाहेबांनी फोन केला, "रईस, अरे आला रे डबा! ये लावून द्यायला," तर बिचारे दुकान सोडून निघाले. मी आणि मोहोड सरही गेलो. वहिनींनी पेढे आणले होते. डब्याला हार घालायचा तेवढा राहिला होता.

पण वकीलसाहेबांना धीर कुठला! रईसभाई चप्पल काढत होते, तेवढ्यात यांनी प्लग लावून बटण दाबलंसुद्धा.

आधी 'टप्प' आवाज आला. मग डब्याच्या जाळीतून बारीकसा धूर निघाला, अगदी उदबत्तीसारखा सरळ.

वहिनींच्या हातात पेढ्यांची ताटली तशीच. रईसभाईंनी प्लग काढला, डबा उलटा करून खालचं बारीक छापलेलं वाचलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तिकडं एकशेदहाचा करंट राहते. आपला अमरावतीचा दोनशेतीसचा झेपला नाही त्याले."

वकीलसाहेब म्हणाले, "तू लवकर का नाही आलास?"

रईसभाई म्हणाले, "माफ करा साहेब. सायकल आडवी आली होती." आणि पेढा घेतला.

परतताना मोहोड सरांनी मला विचारलं, "ताई, माफी कोणी मागाले पायजे होती?"

*

डॉक्टर गावंडे वकीलसाहेबांच्याच पक्षातले. त्यांचा भाचा जर्मनीत शिकायला होता. सुट्टीत येताना त्यानं मामासाठी बाहेरचा सगळा गोंगाट बंद करणारा हेडफोन आणला. विमानतळावर कोणी नवा माल म्हणून अडवू नये, म्हणून मामांचीच सूचना होती: "डब्यातून काढ आणि गळ्यात घालून ये. वापरून राहिला असं वाटलं पायजे!"

भाचा आज्ञाधारक. त्यानं गळ्यातच नाही, मुंबईला गाडीत बसल्यावर कानावर घातला आणि झोपला.

इकडे अकोल्याच्या फलाटावर डॉक्टर, त्यांच्या मिसेस, बहीण, मेहुणे, हातात हार. गाडी आली. भाचा काचेच्या आत, मान कलंडलेली, तोंड उघडं. डॉक्टरांनी काच वाजवली. मग मेहुण्यांनी वाजवली. बहिणीनं तर बांगड्यांनी वाजवली! डब्यात शिरायला जावं तर दारात उतरणाऱ्यांच्या बॅगा. गाडी हलली. डॉक्टर हार हातात घेऊन खिडकीबरोबर पळायला लागले, "अरे ऊठ! अरे ऊठ नं बे!"

फलाटावरचा एक भजीवाला कळवळून म्हणाला, "साहेब, जन्मापासूनच बहिरं आहे का जी लेकरू?"

डॉक्टरांची बहीण तिथंच बाकावर बसली आणि रडायला लागली. इतक्या दिवसांनी पोरगा आला आणि डोळ्यासमोरून निघून गेला. मेहुणे डॉक्टरांशी बोलेनात.

बऱ्याच वेळानं बडनेऱ्याहून फोन आला. भाचा आनंदानं ओरडत होता, "मामा, एक नंबर चीज आहे! अकोला आलेलं कळलंच नाही!"

*

याच डॉक्टरांची परीक्षा घ्यायचं मोहोड सरांनी ठरवलं. मोहोड सर तेव्हा 'इथूनच घ्या'वाले होते. (तेव्हा. पुढचं पुढे सांगते.) डॉक्टर नेहमी म्हणायचे, "मले डोळे बांधून ऐकवा. इम्पोर्टेड कोणता अन् लोकल कोणता, एका मिनिटात सांगतो."

झालं! रईसभाईंच्या दुकानातल्या पंच्यानं डॉक्टरांचे डोळे बांधले. खुर्चीत बसवलं. मोहोड सरांनी मागं उभं राहून एकेक हेडफोन त्यांच्या कानावर चढवायचा, असं ठरलं. पहिला चढवला. ठुमरी लावली.

डॉक्टर ऐकत राहिले. हाताने 'थांबा' अशी खूण केली. मग अगदी गहिवरून म्हणाले, "वा! हा इम्पोर्टेड. अहो, बाई दोन ओळींच्या मधात श्वास घेते, तोही ऐकू येऊन राहिला! थोडी सर्दी झाली आहे बाईले. एवढी डिटेल इथल्या मालात भेटूच शकत नाही."

आम्ही बघतच राहिलो. सर्दी मोहोड सरांना झाली होती. ते डॉक्टरांच्या कानाशी वाकून उभे होते!

हेडफोन उघड्या पाठीचा होता, बाहेरचा आवाज आत येणारा. रईसभाईंच्या काउंटरवरचाच. वकीलसाहेब हसून हसून खुर्चीवरून घसरले. डॉक्टरांनी पंचा सोडला, घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "पावणेबाराची गाडी आहे नं मले?"

त्या वेळची कुठलीच गाडी नव्हती.

*

आता मोहोड सर. यावर आम्ही पहिल्यांदा हसलो, नंतर कधीच नाही.

'इथूनच घ्या' म्हणणाऱ्या या माणसानं आम्हा कोणाला न सांगता जपानहून हेडफोन मागवला. एका वेबसाइटवर फोटो पाहिला आणि विरघळले. विकणाऱ्यानं यांना खूश करायला, कस्टमचा कर वाचावा म्हणून, पाकिटावर लिहिलं: 'ऐकू येण्यासाठीचे वैद्यकीय उपकरण'. कुरिअरवाल्यांचा फोन आला. वैद्यकीय वस्तू आहे, डॉक्टरांचा दाखला पाठवा, नाहीतर पूर्ण कर भरा.

सर माझ्या क्लिनिकमध्ये आले. दार लावलं. खुर्ची पुढं ओढली.

"ताई, एक काम होतं. मले थोडासा बहिरा लिहून द्या नं."

मला आधी कळेना. कळल्यावर म्हटलं, "सर, असं नाही देता येत. तपासणी केल्याशिवाय मी कागदावर सही करत नाही."

"मंग करा तपासणी!" सर हिरिरीनं म्हणाले.

माझ्याकडं तपासणीची बंद खोली आहे. आत पेशंट बसतो, बाहेर काचेपलीकडे मी. बारीक आवाज ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं. सर आत जाऊन बसले आणि बटणावरचा अंगठाच उचलून घेतला. मोठा आवाज दिला, नाही. त्याहून मोठा दिला, नाही. चेहरा अगदी दगडासारखा! मी माइकमध्ये जवळजवळ पुटपुटले, "सर, चहा सांगू का?"

"साखर कमी," सर आतून म्हणाले.

मी इतकी हसले की टेबलाला धरावं लागलं. सरही हसत बाहेर आले. कान अजून लाल, आणि गळ्यात तपासणीचा हेडफोन तसाच लटकलेला.

आणि दारात त्यांच्याच शाळेतली एक आठवीतली मुलगी उभी होती, आईबरोबर. तिला त्या दिवशी श्रवणयंत्र बसवायचं होतं. दिलेल्या वेळेच्या आधीच येऊन बाहेर बसल्या होत्या. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांना दिसले ते तपासणीच्या खोलीतून बाहेर येणारे सर.

मुलगी चटकन उभी राहिली. "नमस्ते सर."

आईनं सरांच्या गळ्यातल्या हेडफोनकडं पाहिलं. तिचा चेहरा एकदम पडला. "बाप्पा! सर, तुमाले बी ऐकू येत नाही?"

सरांचं हसू तोंडावरच वाळलं. बाई पुढं आली, आवाज खाली आणला. "मंग तेच म्हटलं. तुमी हिले उभं करत होता नं वर्गात, उत्तर देत नाही म्हणून? थे देत होती जी उत्तर. हिचा आवाजच एवढासा. मी घरी लय बोलली तुमाले मनात. पण तुमाले ऐकूच येत नसन तर तुमची काय चूक? माफ करा सर."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. सरांना नीट ऐकू येतं, हे मलाही सांगता आलं नाही आणि त्यांनाही.

मग ती मुलगी, जिला अजून यंत्र बसलं नव्हतं आणि आई काय म्हणाली ते निम्मंच समजलं होतं, सरांना धीर द्यावा तशी म्हणाली, "सर, दुखत नाही. मी परवा लावून पाहिलं होतं. फक्त कानात भोंगा वाजल्यासारखं वाटते."

सरांनी गळ्यातला हेडफोन काढून माझ्या टेबलावर ठेवला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही हे त्यांना ठरवता येईना. हात अर्ध्यावरून परत आला. ते दाखला न घेताच गेले.

कर त्यांनी पूर्ण भरला. जपानचा तो हेडफोन आला. कसा वाजतो, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

*

हा किस्सा मोहोड सरांनी स्वतःच रविवारी सांगितला, मान खाली घालून. तेव्हा सगळ्यात जास्त कोण खवळलं असेल? डॉक्टर गावंडे!

"सर, तुमी शिक्षक! खोटा दाखला मागता? समाजानं पाहावं कोणाकडं?"

बोलले ते बोलले. पुढच्याच महिन्यात डॉक्टरांच्या जर्मन हेडफोनचा डावा कान मुका झाला. कंपनीच्या इथल्या दुरुस्तीवाल्यांनी विचारलं, बिल कुठलं? बाहेरच्या देशातलं बिल इथं चालत नाही, इथल्या दुकानाचं आणा, तरच वॉरंटी.

डॉक्टर रईसभाईंच्या काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले. आम्ही बाकीचे मागं बसलेले. आम्हाला ऐकू येणार नाही अशा बेतानं बोलत होते, पण दुकान किती मोठं असणार!

"रईसभाई, एक बिल बनवून द्या नं. तुमच्याकडून घेतला असं. तुमचं काय जाते?"

रईसभाईंनी चष्मा पुसला. "डॉक्टरसाहेब, एक पुसू?"

"पुसा."

"जर्मनीत कोणी दाढ काढली, अन् इथं येऊन तुमाले म्हणला का तुमीच काढली असं लिहून द्या. तुमी देसान?"

डॉक्टर म्हणाले, "दाढेची गोष्ट वेगळी आहे."

"हाव जी," रईसभाई म्हणाले, "दाढ काढली का दुखणं तरी थांबते."

मागं मोहोड सर छताकडं पाहत होते. हसले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर हसले असते.

*

तुम्ही म्हणाल, इथला दुकानदार म्हणजे अगदी संत आणि बाकी सगळे लबाड! तसं नाही. फजिती रईसभाईंचीही झाली. फरक इतकाच की त्यांनी त्या फजितीचं काय केलं, ते ऐका.

एका व्यापाऱ्याकडून त्यांनी एका नावाजलेल्या कंपनीचे हेडफोन घेतले. छान पॅकिंग, शिक्का, सगळं जागच्या जागी. भराभर खपले. मग एक दिवस त्यांनी मला फोन केला, "ताई, जरा तुमच्या मशीनवर हे लावून पाहता? मले आवाज पटून नाही राहिला." मी तपासलं. डावा-उजवा कान एकमेकांशी जुळेना. कंपनीच्या खऱ्या पीसशी तर नाहीच. माल नकली होता.

रईसभाई क्लिनिकच्या स्टुलावर बसून राहिले. म्हणाले, "ताई, आता घरी काय सांगू? अब्बा असते तर दुकानात पाय नसता ठेवू दिला."

मी म्हटलं, "फसवलं तुम्हाला. तुम्हाला काय माहीत!"

"मले माहीत नव्हतं, हे लोकाइले काय माहीत?"

सोमवारी बाजार उघडला तेव्हा त्यांच्या दुकानाबाहेर भला मोठा फलक होता. मराठीत, हिंदीत, उर्दूत: 'आमच्या दुकानातून नकली हेडफोन विकले गेले आहेत. ज्यांनी घेतले त्यांनी परत आणावेत, पैसे मिळतील. आम्ही शरमिंदा आहोत.'

शेजारचा कपड्याचा व्यापारी धावत आला. "रईसभाई, डोकं फिरलं का? धंदा बसवता काय? आतल्या आत मिटवा नं!" वकीलसाहेबांना कळलं तसे तेही आले. कायद्याच्या दृष्टीनं हा फलक म्हणजे स्वतःहून दिलेला कबुलीजबाब आहे, हे त्यांनी रस्त्यावर उभं राहूनच समजावून सांगितलं. रईसभाई ऐकत होते, "हो साहेब, हो साहेब," म्हणत होते, आणि फलक एका बाजूनं कलला होता तो सरळ करत होते.

लोक यायला लागले. ज्यांनी घेतले होते ते आलेच. ज्यांनी दुसऱ्या दुकानातून घेतले होते तेही आले. रस्त्यावरच्या हातगाडीवरून घेतलेलेही आणले. रईसभाईंना आपला माल लांबून ओळखता येत होता. तरी प्रत्येकाला खुर्ची देत होते.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ घाम पुसत आत आले आणि पिशवीतून इस्त्री काढून काउंटरवर ठेवली.

"भाऊ, हे बी नकली निघाली पाहा!"

दुकानातले सगळे हसले. रईसभाई नाही हसले. त्यांनी इस्त्री उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "बसा बाबूजी. वायर गेली आहे. लावून देतो."

*

आता एक राहिला.

फलक लागला त्याच वर्षी दिवाळीला मृणाल आली तेव्हा तिनं वकीलसाहेबांसाठी हेडफोन आणला. वकीलसाहेब कित्येक महिने आधीपासून सांगत होते. कोर्टात सांगितलं, बँकेत सांगितलं, दुधवाल्याला सांगितलं. आणि खरंच, चीज सुरेख होती. काळा रंग, कातडी गाद्या, वेणी घातल्यासारखी जाड वायर.

त्यानंतर असा एक रविवार गेला नाही की वकीलसाहेबांनी तो बरोबर आणला नाही. मखमली पिशवीतून काढायचे, रईसभाईंच्या मशीनला लावायचे आणि आधी त्यांच्याच कानावर घालायचे. "ऐक, रईस. तुझ्या दुकानातले सगळे एकीकडं आणि हा एकीकडं. तिथला आवाजच वेगळा असतो. तिथं फसवाफसवी नाही रे."

तो फलकाचा प्रकार होऊन गेला होता. 'फसवाफसवी' म्हटलं की आम्ही सगळे चहाच्या कपात बघायचो. वकीलसाहेबांना थांबवायला पाहिजे होतं. कोणी थांबवलं नाही.

रईसभाई डोळे मिटून एक अख्खं गाणं ऐकायचे. मग हेडफोन काढून, गाद्या रुमालानं पुसून परत द्यायचे. "हो साहेब," म्हणायचे. "फरक तर आहे."

पुढच्या वर्षी मृणाल परत आली. रविवारी वडिलांबरोबर दुकानात आली. बाजार बंद असला तरी अर्ध्या शटरखालून वाकून एक बाई आत आल्या, तिवस्याच्या. घरून ऑनलाइन शिकवण्या घ्यायच्या, मुलांचं बोलणं नीट ऐकू येत नाही, चांगला हेडफोन पाहिजे होता. रईसभाईंनी तीन-चार काढून दाखवले. बाईंना एक आवडलाही होता. पिशवीत हात गेला होता.

"थांबा बाई," वकीलसाहेब म्हणाले. "घेण्याच्या आधी एकदा हे ऐका. म्हणजे कळेल काय घेऊन राहिलात ते."

त्यांनी आपला हेडफोन त्या बाईंच्या कानावर चढवला. वायर मशीनला लावली. बाई ऐकत राहिल्या. चेहरा उजळला.

"अमेरिकेचा आहे," वकीलसाहेब म्हणाले. "इथं नाही भेटणार तुम्हाला. यांच्याकडचं घेण्यापेक्षा कोणी नातेवाईक बाहेर असेल तर त्यांना सांगा."

बाईंनी हातातला हेडफोन काउंटरवर परत ठेवला. रईसभाईंनी तो उचलून डब्यात घातला, डबा मागच्या फळीवर ठेवला.

मृणाल म्हणाली, "बाबा, पुरे."

"अगं, मी सत्य तेच सांगतोय."

"बाबा, तो काकांच्या दुकानातला आहे."

वकीलसाहेब हसले. त्यांना वाटलं ती गंमत करते आहे.

"तुमचा हेडफोन ठेवलेली बॅगच आली नव्हती तेव्हा," मृणाल म्हणाली. "विमान बदलताना कुठं गेली, कोणाला माहीत. तुम्ही सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. मला घरी सांगायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इथं आले. काकांकडं हाच होता, नुकताच आलेला, एकच. डब्यावर इथल्या किमतीचं स्टिकर होतं, ते काकांनी ड्रायरनं गरम करून काढलं. डाग राहू नये म्हणून किती वेळ पुसत होते."

डॉक्टर गावंडे मोहोड सरांकडं बघत होते, मोहोड सर माझ्याकडं. मी त्या मखमली पिशवीकडं बघत होते. म्हणजे गेल्या दिवाळीपासून, प्रत्येक रविवारी, त्या माणसानं...

"बेटा," रईसभाई म्हणाले, "काहून सांगतलं? मी बोललो होतो नं तुले, नको सांगू म्हणून."

तिवस्याच्या बाईंना यातलं काही समजलं नव्हतं. त्यांनी कानावरचा हेडफोन काढला आणि विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे भेटते का हा?"

"एकच होता ताई," रईसभाई म्हणाले. "मागवून देतो. आठवडाभर लागन."

वकीलसाहेबांनी त्या बाईंच्या हातातून हेडफोन घेतला. वायर मशीनमधून ओढून काढली. आम्हाला वाटलं, पिशवीत घालतील आणि निघून जातील. मृणाल उठून उभीही राहिली. पण ते त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले आणि हेडफोन स्वतःच्या कानावर घातला.

रईसभाईंनी बाहेर डोकं काढून चहावाल्याला हाक मारली.

वायरीचं टोक वकीलसाहेबांच्या मांडीवर पडलं होतं. कशालाच लावलेलं नव्हतं. वकीलसाहेब डोळे मिटून ऐकत बसले होते.